भुजंग नव्या खेळात येत नाही

किसनराव: म्हणजे रुपेशचा भुजंग ह्या नव्या खेळात येतच नाई म्हणतं तू?

चंदन: नाई येत, बाबा. जुन्या खेळाचे नियम वेगळे, ह्याचे वेगळे. तिकडले आकडे इकडं बसत नाई. इथी सगळ्यायले कोऱ्या कागदावर नवीन माणूस कराचं लागते.

किसनराव: एका डेपोतून दुसऱ्या डेपोत बदली होते ना माणसाची. सर्व्हिस बुक संगं जाते. समुद्रपूरहून वर्ध्याले आलो तं मी काय नवीन ड्रायव्हर झालो का?

चंदन: ही तशी बदली नाई. हे दुसरं महामंडळच समजा.

किसनराव: मंग भुजंगचं काय?

चंदन: तो राह्यते. जुन्या फायलीत.

किसनराव: फायलीत राह्यणं म्हणजे काय राह्यणं.

मोहिनी: चहा घ्या, मामाजी. कूलर कमी करू का? आयकू येत नसन तुमाले.

किसनराव: राहू दे. मले सगळं आयकू येते. दर रविवारी मी तिकडच्या खोलीत पडलो राह्यतो, तुमाले वाटते म्हातारा झोपला. झोपत नाई मी. तुमी इथी टेबलाशी बसता. हा राक्षस आला, तो पूल तुटला, कोणी मोहाच्या झाडावर चढलं. अन् मंग चंदन भुजंगचा आवाज काढते. असा नाकातून, थांबून थांबून. अन् ते हसणं. माहा रुपेश तसाच हसे. मी त्याच्यासाठी जागा राह्यतो.

चंदन: मले माहीत नव्हतं, बाबा. तुमी आयकता म्हणून.

किसनराव: माहीत असतं तं काय केलं असतं?

चंदन: काय माहीत. जुन्या खेळाचा रिवाज आहे, कोणी आलं नाई तं त्याचं माणूस दुसऱ्यानं चालवाचं. रुपेश होता तेव्हा बी, त्याले ऑफिसमदून सुट्टी नाई भेटली का भुजंगले मीच चालवत होतो. तो गेल्यावर कोणी काई म्हटलं नाई. मी चालवत राह्यलो.

किसनराव: मंग चालव ना. अडवलं कोणी?

मोहिनी: नवा खेळ सोपा आहे म्हणे, मामाजी. पाह्यू तं खरं एक डाव.

चंदन: पुढच्या रविवारी कॉलेजच्या पोट्ट्यायले शिकवाचा आहे. त्याच्याआधी आपण खेळून पाह्यलं पायजे, कुठी अडते ते समजते. आपल्या रविवारच्या खेळातले अनुप अन् सपना लग्नाले गेले अमरावतीले. दोघात हा खेळ होत नाई, म्हणून तुमाले बसवलं.

किसनराव: रुख्मा असती तं तिले बसवलं असतं. तिनं रंगवला असता तुहा खेळ. नेमकी बहिणीच्या नातवाच्या बारशाले गेली. मी काय, जिंदगीभर एसटी चालवली.

चंदन: काईच अवघड नाई. एक राज्य आहे. मधात जंगल. जंगलाच्या पलीकडं एक गड, अन् त्या गडावरची घंटा वाजणं बंद झाली. आपण तिघायनं तिथी जाचं अन् काऊन बंद झाली ते पाहाचं. बस. तुमी कोण होणार सांगा. तलवारवाला, जादूगार, चोर, वैद्य, शिकारी.

किसनराव: ड्रायव्हर.

चंदन: राजाच्या जमान्यात ड्रायव्हर कुठला, बाबा?

किसनराव: गडावर जाचं म्हणतं. मंग जाणार कशानं?

चंदन: पायी.

किसनराव: एवढ्या जंगलातून पायी? तुमी जा. मी नाई येत.

मोहिनी: गाडीवान लिही ना. बैलगाडी दे त्यायले.

चंदन: पुस्तकात गाडीवान नाई. पण चालते, करू. नाव?

किसनराव: सदाशिव.

चंदन: सदाशिव गाडीवान. हत्यार काय त्याच्याजवळ?

किसनराव: चाबूक. पण बैलायले मारत नाई, असं लिहून ठेव.

चंदन: लिहिलं. आता भीती. हे नवीन आहे, जुन्या खेळात नव्हतं. प्रत्येकाले एक भीती लिहाची लागते.

किसनराव: खरी का खोटी?

चंदन: तुमची नाई, सदाशिवची.

किसनराव: त्याले गाडी रिकामी होण्याची भीती वाटते.

चंदन: म्हणजे?

किसनराव: म्हणजे आता भरलेली गाडी घेऊन निंघते माणूस. गर्दी, भांडणं, कोणाची कोंबडी, कोणाचं पोट्टं रडते. मंग एकेक जण आपापल्या फाट्यावर उतरते. समुद्रपूरच्या शेवटल्या फेरीले कधी कधी मी अन् कंडक्टर दोघंच राहत जाऊ. आरशात पाह्यलं का मागं सगळ्या सीटा खाली. मले नाई आवडे ते. सदाशिवले बी नसन आवडत.

चंदन: बरं. 'गाडी रिकामी होण्याची.' आता तुमचं, आयकता का, तुमचं सांगा.

मोहिनी: वैद्य. नाव केतकी. जडीबुटी ओळखते, हाडं बसवते.

चंदन: भीती?

मोहिनी: मेलेल्या माणसाच्या आवाजाची.

चंदन: हे... हे चालन. जंगलात चकवा राह्यतेच. आवाज देऊन भुलवणारा. त्याचा आपण उपयोग करू गोष्टीत.

मोहिनी: तुह्या मनानं कर.

किसनराव: अन् तू कोण?

चंदन: मी तं गोष्ट सांगणारा. पण माणसं कमी आहे म्हणून एक मीबी घेतो. मशालवाला. पुढं चालते, उजेड दाखवते. नाव नंतर देईन.

किसनराव: त्याची भीती?

चंदन: गाडीवानाची लिहितो.

किसनराव: काऊन? सदाशिव काय करते त्याले?

चंदन: मजाक केली, बाबा. आता मुख्य नियम. सगळे म्हणते ह्या खेळाची मजा ह्याच्यातच आहे. तिघायनं फासे टाकाचे. ज्याचे जास्त पडले तो सांगन, आपण तिघं एकमेकाचे कोण. दोस्त, दुश्मन, मालक, नोकर, काई बी. अन् बाकीच्यायले नाई म्हणता येत नाई.

किसनराव: नाईच म्हणता येत नाई?

चंदन: नाई. मंग त्या नात्यावरच पुढचा सगळा खेळ चालते. कोणी कोणासाठी जीव द्याचा, कोणी कोणाले सोडून जाचं, ते सगळं.

किसनराव: लिहिणारा बिनलग्नाचा दिसते. नातं असं फाशावर ठरत असतं तं सोयरीक जुळवणारे उपाशी मेले असते.

चंदन: टाका तुमी पहिले.

किसनराव: हे घे. काय पडलं?

चंदन: सहा, सहा, अन् पाच. आता आमी टाकून बी काई होत नाई. मोहि... हे, तुमी टाका. चार, दोन, एक. माहे बी कमीच आले. सांगा, बाबा. मान तुमचा.

किसनराव: मी म्हणन ते.

चंदन: हो.

किसनराव: केतकी सदाशिवची पोरगी.

मोहिनी: पोरगी? सून नाई?

किसनराव: पोरगी म्हटलं ना. अन् मशालवाला सदाशिवचा पोरगा. सोताचा.

चंदन: मंग केतकी अन् मशालवाला...

किसनराव: भाऊ-बहीण. लिही.



मोहिनी: मी नाई लिहिणार.

किसनराव: नाई म्हणता येत नाई म्हणे.

मोहिनी: मी म्हणून राह्यली, मामाजी. नाई.

चंदन: खेळच आहे. आपण दुसऱ्यांदा टाकू फासे, त्यात काय.

किसनराव: खेळच आहे तं तुहा पेन काऊन थांबला?

चंदन: थांबला नाई. लिहितो.

किसनराव: तू तिले वहिनी म्हणणं कवा सोडलं, चंदन?

चंदन: मी...

किसनराव: पोळ्याले म्हणत होता. दिवाळीले बी म्हणे, 'वहिनी, चकल्या कडक झाल्या.' संक्रांतीनंतर 'आयकता का' सुरू झालं. अन् ती तुले भाऊ म्हणत होती, आता नुसतं 'तू'. तिकडच्या खोलीत पडलो राह्यतो म्हटलं ना तुमाले. मले भुजंगच आयकू येते असं नाई.

मोहिनी: मामीजीनं सांगितलं का?

किसनराव: रुख्मानं बसमदे बसल्यावर सांगितलं. खिडकीतून. गाडी हालली तवा, म्हणजे म्या उलटून काई इचारू नाई. 'पोरं बोलन काईतरी, चिडजो नको' म्हणे. अन् गेली हात हालवत.

मोहिनी: मंग तुमी चिडले.

किसनराव: मी चिडलो नाई.

मोहिनी: आमी तुमाले आजच सांगणार होतो. खेळ झाल्यावर. चंदन म्हणे, पहिले थोडं हसूखेळू, मंग बोलू.

किसनराव: आयक मोहिनी. नवरा गेलेल्या बाईचा पाट आपल्यात पहिलेपासून आहे. माह्या मावशीचा पाट लावला तवा मी पोट्टा होतो, त्या पंगतीत दोन डाव जेवलो. कोणी काई म्हटलं नाई, अन् मावशीचं चांगलं झालं. तू तरणी आहे. हिंगणघाटचा, पुलगावचा, कुठलाबी पोरगा घेऊन आली असती तं म्या सोता उभा राहून अक्षता टाकल्या असत्या. रुख्माले इचार, म्या म्हटलंच होतं तिले.

मोहिनी: मंग चंदन काऊन नको? त्यानं काय वाईट केलं?

किसनराव: त्यानं काई नाई केलं. म्या केलं. चंदनले म्या रुपेश करून टाकलं.

चंदन: बाबा, जाऊ द्या ना ते.

किसनराव: कुठी जाऊ देऊ? अखाजीले, अक्षय तृतीयेले, पितराले जेवू घालाचं तं त्याच्या वयाचा, त्याच्या जोडीचा माणूस पानावर बसवा लागते. मेलेलं माणूस म्हणून. म्हातारं मेलं तं दहा जण बसते. तरण्याच्या पानावर बसाले लोकायले भेव वाटते. रूपराव, माहा सख्खा भाऊ, त्याच्या पोरानं नाई म्हटलं. शेजाऱ्यायनं नाई म्हटलं. तू, त्याचा दोस्त, तू बसला. कोणी सांगितलं नव्हतं तुले, तू सोताहून पाय धुवून आला अन् बसला. म्या तुह्या कपाळाले गंध लावला, पानाभोवती पाणी फिरवलं, अन् म्हटलं, रुपेश, जेव बाप्पा. तू जेवला. दोन्ही वर्षं. चार लोकायसमोर म्या म्हटलं, आजपासून मले काका नाई म्हणाचं, बाबा म्हणाचं.

मोहिनी: अन् वाढलं मी. मले सगळं आठवते.

किसनराव: मंग सांग, म्या आता काय चूक लिहाले लावलं? माहा पोरगाच नं तो?

मोहिनी: तुमी त्याले रुपेश म्हणून बसवलं तं रुपेशची मी बायको होती. बहीण कुठून झाली?

किसनराव: तोंड वर करून बोलू नको.

मोहिनी: तोंड वर नाई करून राह्यली, मामाजी. मले खरंच समजत नाई. तुमी सांगा मी कोण त्याची.

किसनराव: तेच तं मले बी समजत नाई. झोपेतबी हेच फिरते. लोकायचं सोड, लोक दोन दिवस बोलन, म्हणन पानावर बसला कशासाठी ते आता समजलं. बोलू दे. पण अखाजी आली तोंडावर. तुमचं लग्न ठरलं का चंदनले त्या पानावर कसं बसवू? तिचा नवरा झाला का मंग तो रुपेश नाई राह्यला. मंग माह्या पोराच्या नावानं कोण जेवन? तुमाले एकमेक भेटते. माह्या घरून दोघं जाते. सून जाते. अन् रुपेश दुसऱ्यांदा जाते.

चंदन: मंग थांबू आपण. बाबा, आयका माहं. लग्नाचं राहू द्या यंदा. अखाजीले मी बसतो पानावर. पुढचं पुढं पाह्यू. भुजंगले बी चालवतो, त्यात काई मोठं नाई, जुनाच खेळ ठेवू रविवारी...

मोहिनी: हेच. हेच म्या तुले म्हटलं होतं का नाई?

चंदन: त्यायचं वय पाह्य ना.

मोहिनी: त्यायचं वय पाह्यते मी रोज. गोळ्या मीच देते. मामाजी, तुमी इचारलं ना, कोणी अडवलं म्हणून? म्या अडवलं. हा नवा खेळ म्या आणाले लावला. सोपा नाई तो, जुन्यापेक्षा अवघडच आहे. पण त्याच्यात भुजंग येत नाई, म्हणून आणाले लावला.

किसनराव: काऊन? तुले बरं नाई वाटे का तो आवाज?

मोहिनी: वाटे. पहिले पहिले लय बरं वाटे. रविवारची वाट पाहत जाऊ. मंग एक दिवस खेळात आमी नदीजवळ होतो, अन् भुजंग म्हणाला, 'तू पाण्यात नको उतरू, मी जातो पुढं.' अन् मले समजेना, हे कोण म्हणून राह्यलं. मेलेला का जिवंत. मले ज्याच्या बोलण्यानं बरं वाटलं तो कोण होता. मी किचनमदे जाऊन नळ सोडून उभी राह्यली. तेव्हापासून मले त्या आवाजाचं भेव वाटते.

चंदन: तू मले हे सांगितलं नाई.

मोहिनी: तू त्याच्याच आवाजात इचारलं असतं, काय झालं म्हणून. मले तुह्या तोंडून त्याचं बोलणं नको आता. तुह्या तोंडून तुहंच पायजे. रुपेश मेला. सेलूच्या रस्त्यावर रोही जनावर आडवं आलं, गाडी घसरली, अन् मेला. म्या त्याचं तोंड पाह्यलं, टाके घातलेलं. मले माहीत आहे तो नाई येत. तुमी दोघंच मानाले तयार नाई. एक जण त्याले बोलवते, एक जण त्याले जेवू घालते, अन् मी मधात वाढत राह्यते. चुकलं असन तं माफ करा, मामाजी. पण रडणं आवरून आवरून मी थकली.

चंदन: मीबी एक सांगतो. वाईट वाटन तुमाले, पण सांगतो. मी पानावर बसलो ते मोठेपणानं नाई बसलो. बसलो तेव्हा तुमी माह्या डोक्यावर हात ठेवला. किती वेळ काढलाच नाई. माहा बाप मी तिसरीत असताना गेला. डोक्यावर हात ठेवणं म्हणजे काय ते मले आठवतच नव्हतं. कोणाच्या नावानं का होईना, हात माह्या डोक्यावर होता. म्हणून दुसऱ्या वर्षी बी आलो. आवाज बी त्याच्यासाठीच काढत राह्यलो. चंदन म्हणून ह्या घरात आलो असतो तं चहा पिऊन गेलो असतो. रुपेश म्हणून आलो, तं घरचा झालो.

किसनराव: तुहा बाप काय करे?

चंदन: सिंदीले जिनिंगवर होते. कापसाच्या गठानी बांधत.

किसनराव: तू सांगितलं नाई कधी.

चंदन: कधी विषय निंघाला नाई, बाबा.

किसनराव: इतके वर्षं येतं तू ह्या घरात. रुपेशच्या शाळेपासून. विषय निंघाला नाई म्हणतं. म्या इचारलंच नाई, असं म्हण.

चंदन: असं काई नाई.

किसनराव: असंच आहे. अन् आता बाबा नको म्हणू मले.

मोहिनी: मामाजी.

किसनराव: रागानं नाई म्हणून राह्यलो, पोरी. पहिले काका म्हणत होता, तेच म्हण बाप्पा. तू बाबा म्हटलं का मले तो आयकू येते. तुह्या तोंडातून. तूच सांगितलं ना मोहिनी, आवाज कोणाचा ते समजत नाई म्हणून. मले समजे. मी समजून घेत नव्हतो.

चंदन: बरं, काका.

किसनराव: एक डाव त्याचा आवाज... राहू दे.

चंदन: काढू का? शेवटचा?

किसनराव: नको. आज काढला तं पुढच्या रविवारी पुन्हा मागीन. माहा काई भरोसा नाई. मोहिनी, रड बाई, आवरू नको. इथी कोण परकं आहे. पदर भिजला तं भिजला.

मोहिनी: तुमी बी...

किसनराव: माहं होते तिकडच्या खोलीत. तू चिंता नको करू. चंदन, तो कागद घे. म्या सांगितलेलं नातं खोडून टाक.

चंदन: नियम आहे, एकदा सांगितलं का...

किसनराव: नियमाले घाल खड्ड्यात. तुह्या कॉलेजच्या पोट्ट्यायले सांगजो, हा नियम खेळून पाह्यला अन् नाई जमला. लिही, सदाशिव गाडीवान, केतकी अन् मशालवाला. एका गाडीत बसलेले. बाकी कोणी कोणाचे कोणी नाई. आधी गड तं येऊ दे.

चंदन: लिहिलं.

किसनराव: रुख्मा उद्या येते. आली का मोहिनीच्या मायबापाले बोलावतो, तुह्या मायले बी. अखाजी झाली का तारीख काढू. त्याच्याआधी नाई. तेवढी अखाजी मले होऊ दे.

मोहिनी: अन् पानावर?

किसनराव: पानावर कोणी नाई बसणार. यंदा बी नाई, अन् पुढं बी नाई. पान वाढू, पाणी फिरवू, अन् गच्चीवर ठेवू. कावळा येईन तं येईन.

मोहिनी: मी वाढते त्याचं पान. एवढं मले करू द्या.

किसनराव: तूच वाढ. दुसरं कोण वाढन. अन् चंदन, तू ये त्या दिवशी. येणार ना?

चंदन: तुमी म्हणसान तं येईन.

किसनराव: पितर म्हणून नाई. पंगतीत, माह्या बाजूले. चंदन म्हणून. काय कराले सांगू तुह्यासाठी?

चंदन: काई बी चालते, काका. पोळी, चिंचवणी, जे करसान ते.

किसनराव: काई बी नाई. सांग. रुपेशले भरली कारली लागे, म्हणून दोन्ही वर्षं रुख्मानं तीच केली. तुले काय आवडते ते ह्या घरात कोणाले माहीत नाई.

चंदन: कारली तेवढी नको.

किसनराव: नाई आवडत?

चंदन: लहानपणापासून नाई खात. उलटी होते मले.

किसनराव: अरे, पण तू तं पुसून पुसून खाल्ली. दोन्ही डाव. म्या आणखी वाढाले सांगितली, तं आणखी खाल्ली.

चंदन: हो.

किसनराव: मंग सांगितलं काऊन नाई?

चंदन: तुमी समोर बसून पाहून राह्यले होते, काका. अन् त्या दिवशी तुमी रडत नव्हते.